कुणाच्या माहेरचं, कुणाच्या घराण्याचं?

वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञांची उत्तरं

पत्र पहिलं

आदरणीय डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझं वय २७, बी.एड. झालंय, एका खासगी शाळेत शिकवते. माझा थोरला भाऊ, दादा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेल सोडून एकाएकी घरी आला. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक बस आपल्यालाच खुणेचा हॉर्न देते, असं म्हणायचा. खिडक्यांना आतून पेपर चिकटवायचा. आईने वाढलेलं ताट आधी कुत्र्यापुढे ठेवायचा. बरेच महिने अंगारे आणि सौंदत्तीच्या फेऱ्या यांत गेले. मग धारवाडला दाखवलं. स्किझोफ्रेनिया म्हणाले. आता गोळ्यांवर ठीक आहे. म्हशींचं बघतो, डेअरीला दूध घालून येतो, पण पूर्वीचा दादा राहिला नाही.

आजी आणि आत्या आईला एकच ऐकवतात, "हे तुझ्या माहेरचं आलंय." आईचा एक चुलतमामा तरुणपणी घर सोडून गेला होता, तेवढा एक धागा त्यांना पुरतो. आईने माहेरी जाणंच सोडलंय.

आता मला गडहिंग्लजकडचं एक स्थळ आलंय. बाबा म्हणतात, "पोराला गाडीवरून पडून डोक्याला मार लागला, असं सांगू." मी इंटरनेटवर वाचलं की हा आजार ८० टक्के आनुवंशिक असतो. त्या दिवसापासून मला झोप नाही. मला होईल का? माझ्या मुलांना होईल का? आणि पाहुण्यांना काय सांगू?

*एक वाचक, खानापूर तालुका*

उत्तर

ताई, आधी तुमची झोप घालवणारा तो ८० चा आकडा बघू. तो खोटा नाही. जुळ्यांच्या अनेक अभ्यासांतून तो पुन्हा पुन्हा निघालेला आहे. २०१८ साली डेन्मार्कच्या जुळ्यांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासातही ७९ टक्के आला. पण तुम्ही त्याचा जो अर्थ घेतलात, तो त्याचा अर्थ नाही. ‘दादाला झालं, म्हणजे मला व्हायची शक्यता ८० टक्के’ असं तो म्हणत नाही. एखाद्या समाजात कुणाला हा आजार होतो, कुणाला होत नाही. माणसामाणसांतल्या या फरकात जनुकांचा वाटा किती, एवढंच तो सांगतो. एकेका माणसाचं भविष्य त्यातून काढता येत नाही.

तुम्हाला हवा तो आकडा वेगळा आहे. कुठल्याही माणसाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता साधारण शंभरात एक, किंवा त्याहून थोडी कमी. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर ती शंभरात नऊच्या आसपास जाते. म्हणजे तुमच्यासारख्या शंभर बहिणींमधल्या नव्वद-एक्क्याण्णव जणींना हा आजार होत नाही. तुमच्या मुलांच्या दृष्टीने दादा मामा. मामा, मावशी, काका, आत्या यांपैकी एकाला असेल तर भाच्या-पुतण्यांना शंभरात तीन-चार. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर शंभरात सात ते तेरा, वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळा. दोघांनाही असेल तर मात्र सत्तावीसपासून शेहेचाळीसपर्यंत.

आता जुळ्यांकडे बघा. एकाच गर्भाचे दोन भाग होऊन जन्मलेली जुळी भावंडं, म्हणजे दोघांची जनुकं जवळजवळ सारखी. त्यांतल्या एकाला स्किझोफ्रेनिया झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांत शंभरात अठ्ठेचाळीस होतं, डेन्मार्कच्या नव्या अभ्यासात तेहतीस. वारसा तोच, आणि तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसरा जुळा सुटतो.

पण याच जुळ्यांची एक दुसरी गोष्टही आहे. ती लपवून मी तुम्हाला नुसता धीर दिला तर ते बरं नव्हे. अशा जोड्यांतल्या न आजारलेल्या जुळ्याच्या मुलांना पुढे किती आजार होतो, हे डेन्मार्कमध्ये तपासलं गेलं. त्यांच्यातलं प्रमाण आजारी जुळ्याच्या मुलांइतकंच निघालं. म्हणजे जे वारशात येतं ते एखाद्यात उमटत नाही, तरी पुढच्या पिढीकडे जाऊ शकतं. म्हणून ‘मला काही झालं नाही, म्हणजे माझं रक्त स्वच्छ’ असं कुणी म्हणू नये. आणि ‘दादाला झालं म्हणजे आमचं रक्त नासलं’ असंही म्हणू नये. तुमच्या मुलांसाठी शंभरात तीन-चार हा जो आकडा मी दिला, त्यात हे सगळं धरलेलं आहे.

तुमचं वय २७ म्हणून आणखी थोडं. पुरुषांमध्ये हा आजार बहुधा अठरा ते पंचवीसच्या दरम्यान डोकं वर काढतो. बायकांमध्ये काही वर्षं उशिरा, पंचविशीच्या पुढे, आणि पाळी जाण्याच्या सुमारास पुन्हा एक लहान लाट येते. तेव्हा तुमचा धोक्याचा काळ पूर्ण सरला, असं मी म्हणणार नाही. बराचसा सरलाय. झोप अनेक आठवडे बिघडली, माणसं नकोशी झाली, साध्या बोलण्यामागे काही डाव आहे असं वाटायला लागलं, तर लगेच डॉक्टरकडे जायचं. एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुष्कळ. रोज स्वतःला तपासत बसू नका.

आता तुमच्या आईबद्दल. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जास्त बोचलेला भाग तोच आहे.

माझ्याकडे नवीन कुटुंब आलं की मी एका कोऱ्या कागदावर त्यांचं घराणं काढते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, तिच्यातून खाली मुलं. ज्याला आजार झाला असेल तो चौकोन किंवा गोल पेनाने भरून टाकायचा. मी अजून लिहीत असते, तोवर टेबलाच्या पलीकडची माणसं कागदावर वाकलेली असतात. काळं कुठल्या बाजूला पडतंय, हे बघायला. चिकोडीकडच्या एका घरातल्या आत्याबाईंनी मुलाच्या आईकडचं सगळं भराभर सांगितलं होतं. तिचा भाऊ पितो, तिच्या चुलतीच्या अंगात येतं, तिच्या आजोळी कुणीतरी विहिरीत उडी घेतली. मी विचारलं, "आणि तुमच्याकडे?" "आमच्यात कुणाला काही नाही." भिंतीकडेच्या खुर्चीत आजोबा बसले होते. त्यांनी पटक्याचं टोक सारखं केलं आणि म्हणाले, "माझा धाकटा भाऊ माळ्यावरच राहिला की. मरेपर्यंत. जेवण शिडीवरनं द्यायचो आम्ही." आत्याबाईंना हे माहीतच नव्हतं. मुलाची आई त्या सबंध वेळात एक अक्षर बोलली नव्हती. तेव्हा पहिल्यांदा तिने मान वर केली.

घराघरात असे माळे आहेत, ताई. सीमेच्या अलीकडेही आणि पलीकडेही. आईकडचं सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते टोमण्यात रोज उगाळलं जातं. बापाकडचं झाकलेलं असतं.

आणि शास्त्र काय म्हणतं? बहुसंख्य रुग्णांच्या आईला किंवा वडिलांना हा आजार नसतोच. जनुकांचा निम्मा वाटा आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून, आणि धोका वाढवणारे बदल दोन्हीकडे विखुरलेले असतात. २०२२ साली जगभरातल्या संशोधकांनी मिळून सुमारे ७७ हजार रुग्ण आणि २ लाख ४३ हजार निरोगी माणसं यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात स्किझोफ्रेनियाशी नातं सांगणाऱ्या २८७ जागा सापडल्या. एकेका जागेचं वजन तराजूत टाकलेल्या तांदळाच्या दाण्याएवढं. असे पुष्कळ दाणे एका बाजूला जमले, तर काटा झुकायला लागतो. यांतले काही दाणे तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, आजीत आणि आत्यातही आहेत. शिवाय काही बदल कुणाकडूनच आलेले नसतात. ते बीज तयार होताना नव्याने घडतात, आणि वडिलांचं वय जितकं जास्त तितके ते जास्त. हे मी कुठल्या आत्यांना सांगितलं की त्या गप्प होतात. पण वडिलांवर ठपका ठेवावा म्हणून मी ते सांगत नाही. कुणाच्या माहेरचं हा प्रश्नच इथे लागू पडत नाही, हे कळावं म्हणून सांगते.

आईवर ठपका ठेवणं हे फक्त आपल्या घरांतच चालतं असंही नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतले मोठमोठे मनोविकारतज्ज्ञ, आईच्या थंड किंवा विचित्र वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, असं शिकवत होते. १९४८ साली अशा आईसाठी एक शास्त्रीय नावच रूढ झालं. १९६६ साली लेनर्ड हेस्टन नावाच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट तपासली. ओरेगॉनच्या सरकारी मनोरुग्णालयांत दाखल असलेल्या, स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची ४७ मुलं त्यांनी शोधली. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ती आईपासून दूर झालेली, परक्या हातांनी वाढवलेली. मोठेपणी त्यांच्यातल्या पाच जणांना स्किझोफ्रेनिया झालेला होता. तशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण आईला हा आजार नसलेल्या ५० जणांत एकालाही नव्हता. आईच्या वागण्याने आजार होतो या समजुतीला तिथे मोठा धक्का बसला. त्या ४७ पैकी बेचाळीस जणांना आजार झाला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

जनुकांतला बदल अगदी एकच आणि मोठा असला, तरी तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या उतरते. तो एकच बदल असलेल्यांत कुणाला स्किझोफ्रेनिया झाला, कुणाला उन्माद-औदासीन्याचा आजार, कुणाला नुसतं वारंवार येणारं औदासीन्य, आणि काही जण ठणठणीत राहिले.

ताई, आजी-आत्यांचं ते बोलणं तुमच्या दादाला ऐकू येतं का? येतच असणार. घरातले टोमणे, तिरकस बोलणं, सतत दोष काढणं यांमुळे बरा झालेला आजार उलटायचं प्रमाण वाढतं. हे लंडनमध्ये १९७० च्या दशकात दिसलं आणि नंतर इतर देशांतही. आपल्याकडे चंदीगडला रुग्णांच्या घरांचा असाच अभ्यास झाला. तेव्हा तिथल्या घरांत लंडनपेक्षा टीका पुष्कळ कमी आढळली, आणि त्यांचे रुग्णही जास्त बरे राहिले. हा आपल्या घरांचा मोठा ठेवा आहे, आणि तो रोज जेवणाच्या पानावर उधळला जातोय. आजीला दरडावून उपयोग नाही. तिला नातू प्रिय आहे. दादाच्या पुढच्या तपासणीला आजीलाही सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांनाच तिच्याशी बोलू द्या. पांढऱ्या कोटातल्या माणसाने "आज्जी, यात सुनेचा काही दोष नाही, आणि घरात असं बोललं तर पोराचा आजार उलटेल" म्हटलेलं चालतं, घरच्यांनी म्हटलेलं चालत नाही. तुमच्या आईने मात्र कुणाच्या पटण्याची वाट न बघता येत्या सणाला माहेरी जावं. हे मी तज्ज्ञ म्हणून नाही, एक बाई म्हणून सांगते.

राहिलं लग्नाचं. हिंदू विवाह कायद्यातली मानसिक आजाराविषयीची अट लग्न करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या स्थितीबद्दल आहे, भावंडांबद्दल नाही. तरी पाहुण्यांना खरं सांगा. डोक्याला मार लागल्याची गोष्ट टिकायची नाही. आपल्या भागात खानापूर ते गडहिंग्लज काही लांब नाही, कुणाचा ना कुणाचा पाहुणा दोन्ही गावांत असतोच. आणि समजा टिकली, तरी तुम्हाला जन्मभर ती सांभाळावी लागेल. दादाचा आजार कधी उलटला तर माहेरी धावून जाताना कारण खोटं सांगावं लागेल. पुढे तुमच्या स्वतःच्या मुलाच्या वागण्यात काही बदल दिसला, तर डॉक्टरांपुढे ‘घराण्यात कुणाला?’ या प्रश्नावर नवऱ्यासमोर गप्प बसावं लागेल. मला भीती वाटते ती त्या गप्प बसण्याची. उपचार उशिरा सुरू होणं हे या आजारात मोठं नुकसान करतं, आणि लपवलेल्या घरांत उशीर ठरलेला असतो.

मध्यस्थांकरवी सांगू नका, गोष्ट पोहोचेपर्यंत तिचं काहीतरी भलतंच होतं. मुलाला भेटा, तुम्ही स्वतः बोला. असं काहीसं: "माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तो औषध घेतो, घरचं काम करतो. मला हा आजार नाही. आपल्या मुलांना होण्याची शक्यता शंभरात तीन-चार असते, इतरांत ती एकाच्या आसपास असते. तुम्हाला हवं तर आपण दोघं डॉक्टरांना भेटू." पहिल्याच चहाच्या वेळी नको, पण सुपारी फुटायच्या आधी नक्की. स्थळ मोडेल, अशी बाबांना भीती आहे, आणि ती खोटी नाही. अशी स्थळं मोडलेली मी पाहिली आहेत. सांगून जुळलेलीही पाहिली आहेत. त्यांतला एक जावई दर महिन्याला मेहुण्याची औषधं न्यायला स्वतः येतो.

एक मात्र बाबांशी आत्ताच बोलून ठेवा. तुम्ही सासरी गेल्यावर दादाच्या गोळ्या कोण बघणार? पत्रावरून वाटतं की आज ते तुम्हीच बघता. आईला अक्षरओळख नसेल तर सकाळ-रात्रीच्या वेगळ्या डब्या करा, दोन रंगांच्या झाकणांच्या. गोळी रोज चुकत असेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

पत्र दुसरं

मॅडम, माझ्या सख्ख्या भावाला बऱ्याच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे, मिरजेला औषध चालू आहे. त्याची मुलगी गुणी आहे. लहानपणापासून माझ्या मुलासाठी तिचंच ठरलेलं, आमच्यात मामाची पोर करतात. आता मुलगा म्हणतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मला भावाला दुखवायचं नाही.

*एक आई, अथणी*

उत्तर

तुमच्या मुलाने विचारायला लावलं, ते बरं केलं. माझं मत स्पष्ट सांगते: हे लग्न करू नये असं मला वाटतं. मुलीत काही खोट आहे म्हणून नाही. तीच मुलगी नात्याबाहेरच्या घरात गेली असती तर मी एका शब्दाने अडवलं नसतं.

ती मुलगी त्या आजारी माणसाची लेक आहे, तुमचा मुलगा त्याचाच भाचा. भावाच्या जनुकांचा निम्मा वाटा लेकीकडे आला. तुमच्या भावाला जे आई-वडिलांकडून मिळालं त्यातलं काही तुम्हालाही मिळालं, आणि तुमच्याकडून तुमच्या मुलाला. या दोघांची मुलं झाली तर एकाच घराण्यातलं ते दाणं-दाणं साठलेलं ओझं त्यांच्याकडे दोन वाटांनी येईल. शिवाय नात्यातल्या लग्नात स्किझोफ्रेनियाशी संबंध नसलेले जन्मजात दोषही एरवीपेक्षा जास्त दिसतात. कारण आई आणि बाप दोघांकडेही एकच दडलेला दोष असण्याची शक्यता वाढते. ही प्रथा आपल्याकडे आणि खाली सबंध कर्नाटकात जुनी आहे. तिच्यामागे शेत आणि माया दोन्ही राखायची सोय होती, हे मी जाणते.

भावाला सांगताना त्याचा आजार पुढे करू नका. मुलाने आणि मुलीने दोघांनी मिळून "आम्ही भावंडांसारखे वाढलो" म्हटलं तर कुणाचाच अपमान होत नाही, आणि बहुधा ते खरंही असतं. दोघांचं मन एकमेकांत गुंतलेलंच असेल, तर मात्र चौघांना बसवून एखाद्या आनुवंशिकी समुपदेशकाकडे जा. तिथे नकाराचा हुकूम मिळत नाही, नीट हिशोब मिळतो. आणि भाचीचं दुसरीकडे चांगलं जुळावं म्हणून आत्या या नात्याने तुम्हीच पुढाकार घ्या.

पत्र तिसरं

डॉक्टर, सरळ विचारतो. हा आजार आनुवंशिक असेल तर अशा घरांत लग्नं व्हायलाच नकोत, असा कायदा का नसावा? दोन-तीन पिढ्यांत आजार संपेल.

*एक सेवानिवृत्त शिक्षक, निपाणी*

उत्तर

गुरुजी, हे करून झालेलं आहे. जर्मनीत नाझी राजवटीने १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. १९३९ पासून तर अशा रुग्णांना ठार मारायला सुरुवात झाली. नसबंदी केलेल्या आणि मारलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची संख्या दोन लाखांच्या वर असावी, असा इतिहासाच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. युद्धानंतर तिथल्या पाहण्यांत नव्या रुग्णांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही.

तसं होणारच होतं. बहुतेक रुग्ण निरोगी आई-बापांच्या पोटी जन्मतात. कारणीभूत बदल सगळ्या समाजात पसरलेले आहेत, तुमच्या माझ्या घरातही. रुग्णांना तशीही इतरांपेक्षा कमी मुलं होतात, तरी आजार पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. आपल्याकडचा कायदा आजाराच्या नावावर थांबत नाही. आजार कुठल्या प्रकारचा आणि किती तीव्र आहे, हे तो विचारतो. नुसतं ‘स्किझोफ्रेनिया’ असं कागदावर लिहिलेलं असणं घटस्फोटाला पुरेसं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलेलं आहे. तुमच्या हातून शेकडो मुलं शिकली असतील. वर्गात पहिला येणारा मुलगा अकरावीला अचानक कोपऱ्यात बसायला लागला, एकटाच पुटपुटायला लागला, तर त्याच्या घरी जाऊन त्याला लवकर दवाखान्यात पाठवणारा शिक्षक या आजाराविरुद्ध कुठल्याही कायद्यापेक्षा जास्त काम करतो. निवृत्त झाल्यावरही हे करता येतं. गावात तुमचा शब्द चालतो.

थोडक्यात

*बेळगावहून एक वाचक विचारतात: थुंकीचा नमुना पाठवून जनुकांची चाचणी करून देणाऱ्या कंपन्या आहेत. मुलासाठी करून घ्यावी का?*

या आजारासाठी करू नका. त्या २८७ जागांची बेरीज करूनही एखाद्या माणसाला आजार होईल की नाही, हे सांगता येत नाही. शिवाय ती माहिती मुख्यतः युरोपातल्या आणि पूर्व आशियातल्या लोकांची आहे, आपल्याला ती आणखी कमी लागू पडते. एक अपवाद आहे. रुग्णाला जन्मतः हृदयाचा दोष, टाळू फाटलेला किंवा अभ्यासात लहानपणापासून फार मागेपणा असेल, तर बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असू शकतो. असा तुकडा गळालेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला पुढे स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. ही चाचणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून जरूर करावी.

*हुक्केरीहून एक आई: थोरल्याला हा आजार आहे. धाकटा कॉलेजात मित्रांबरोबर गांजा ओढतो. सगळेच ओढतात म्हणतो.*

सगळ्यांच्या घरात थोरला भाऊ आजारी नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. वारसा बदलता येत नाही, गांजा सोडता येतो. त्याला शिव्या देऊ नका, त्याच्याशी थोरल्याच्या आजाराबद्दल पहिल्यांदा मोकळेपणी बोला. बहुतेक घरांत धाकट्यांना काही सांगितलेलंच नसतं.

*खानापूर जंगलभागातून: बेळगावला वारंवार येणं परवडत नाही. जवळ काय?*

सरकारच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून औषधं मोफत मिळतात. बेळगावच्या सिव्हिलमध्ये एकदा नाव नोंदवा. पुढची औषधं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून कधी आणि कशी मिळतील, तेही तिथेच विचारून घ्या. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस, क्रमांक १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. आधारकार्ड, जुनी चिठ्ठी आणि रिकामी झालेली गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा. पट्टी फेकून देऊ नका, तिच्यावर औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅमची गोळी ते छापलेलं असतं.